साठ देवमासे, दोन दिवस आणि ओथेरची साक्ष

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवव्या शतकात नॉर्वेचा ओथेर नावाचा माणूस इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाकडे गेला आणि आपण उत्तरेच्या टोकाला वळसा घालून कसे आलो ते त्याने सांगितलं. त्याच सांगण्यात सहा जणांनी दोन दिवसांत साठ देवमासे मारल्याचंही आहे. ही सरळसरळ थाप. मग बाकीच्या प्रवासावर तरी विश्वास का ठेवायचा? शिवाय जाता जाता एक टोलाही आहे: हे काम इतिहासकारांचं नाहीतर दर्यावर्दींचं, साहित्यवाल्यांनी त्यात नाक कशाला खुपसायचं?

मी मध्ययुगीन इंग्रजी साहित्य शिकवते आणि ओथेरची ही तीन-चार पानं दरवर्षी वर्गात वाचते. टोल्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. (एक बारीक दुरुस्ती: आल्फ्रेड वेसेक्सचा राजा, ८७१ ते ८९९. अख्खं इंग्लंड त्याच्या हाती कधीच नव्हतं. बरंचसं तर ओथेरच्याच भाईबंदांनी, म्हणजे उत्तरेकडच्या चाच्यांनी, बळकावलं होतं.)

ओथेरने स्वतः एक ओळही लिहिलेली नाही. त्याने आपल्या नॉर्स बोलीत सांगितलं, कुणा इंग्रजाने ते ऐकून जुन्या इंग्रजीत उतरवलं, आणि ते एका भलत्याच पुस्तकात जाऊन बसलं. ते पुस्तक ओरोसियस या पाचव्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकाचं. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा जुने देव सोडल्याचं हे फळ, असं लोक म्हणू लागले. ते खोडून काढण्यासाठी संत ऑगस्टीनच्या सांगण्यावरून ओरोसियसने लॅटिनमध्ये सात भागांचा जगाचा इतिहास लिहिला. नवव्या शतकाच्या शेवटी त्याचं जुन्या इंग्रजीत रूपांतर झालं. सुरुवातीला भूगोलाचं प्रकरण आहे, आणि ओरोसियसला उत्तर युरोपाची माहिती यथातथाच होती. रूपांतरकाराने ती फट बुजवली आणि बुजवता बुजवता ओथेर आत आला. बाराव्या शतकात माम्सबरीच्या विल्यमने हे रूपांतर खुद्द आल्फ्रेडचं असल्याचं लिहून ठेवलं आणि पुढे शेकडो वर्षं तेच धरून चाललं. आता तसं मानत नाहीत. जॅनेट बेटली यांची १९८० ची संपादित आवृत्ती उघडलीत तर कळेल की राजाच्या नावावरच्या इतर भाषांतरांतली शब्दांची निवड आणि यातली निवड जुळत नाही.

म्हणजे आपल्यासमोर जहाजावरची रोजनिशी नाही, एक जबानी आहे, तीही दुसऱ्याच्या हातची. जबानी वाचताना माणूस खरं बोलतो की खोटं हे नंतर पाहायचं. आधी, हे वाक्य नेमकं कुणाचं, ते बघायचं. एवढ्यासाठी आमची नेमणूक.

आता प्रवास. सुरुवातीचं वाक्य असं: ओथेरने आपल्या धनी आल्फ्रेड राजाला सांगितलं की सगळ्या नॉर्थमनांत आपण सर्वांत उत्तरेला राहतो. त्याचा मुलूख हालोगालँड, म्हणजे आजच्या नॉर्वेचा उत्तर भाग. त्याच्याही पलीकडे जमीन पुष्कळ आहे पण ओसाड, तो सांगतो. तिथे फक्त तुरळक ठिकाणी फिन लोक, ज्यांना आपण आज सामी म्हणतो, हिवाळ्यात शिकारीला आणि उन्हाळ्यात मासेमारीला तळ ठोकतात. एकदा त्याच्या मनात आलं, ही जमीन उत्तरेकडे किती लांब आहे आणि त्या ओसाडीपलीकडे कुणी राहतं का, ते बघू या. किनारा धरून निघाला. उजवीकडे ओसाड जमीन, डावीकडे उघडा समुद्र. तीन दिवसांनी तो देवमाशांचे शिकारी जिथवर जातात तिथवर पोचला. आणखी तीन दिवस गेला. मग जमीन पूर्वेला वळली. तिथे पश्चिमेच्या, थोड्या वायव्येच्या वाऱ्याची वाट पाहत थांबला, मग चार दिवस पूर्वेला गेला. पुढे जमीन दक्षिणेला वळली. तिथे नेमक्या उत्तरेच्या वाऱ्यासाठी थांबला, मग पाच दिवस दक्षिणेला. शेवटी एक मोठी नदी लागली.

नकाशा काढून बोट फिरवा. नॉर्थ केप, मग कोला द्वीपकल्पाचा किनारा, मग खाली श्वेत समुद्रात. तीन, तीन, चार, पाच. वळणं जुळतात, दिवसांचं प्रमाण जुळतं, प्रत्येक वळणावर लागणारा वारासुद्धा जुळतो. घरी बसून रचलेल्या गोष्टीत माणूस वाऱ्यासाठी थांबत नाही. रिचर्ड चॅन्सलर इंग्लंडहून श्वेत समुद्रात शिरला १५५३ मध्ये, म्हणजे ओथेरनंतर साडेसहाशे वर्षांनी.

पण माझा विश्वास बसतो तो या जुळणीमुळे नव्हे. किनारा पूर्वेला वळला, तिथलं वाक्य पूर्ण वाचा: तिथे जमीन पूर्वेला वळली, 'किंवा समुद्र जमिनीत आत शिरला, कोणतं ते त्याला कळलं नाही'. दक्षिणेच्या वळणावर पुन्हा तेच. मूळ शब्द तीनच आहेत, 'हे न्युस्से ह्वेदर'. आपल्याकडे रत्नागिरी-मालवणकडच्या एखाद्या तांडेलाला विचारा. बाहेरून पाहिलं तर खाडीचं तोंड आणि वळलेला किनारा सारखेच दिसतात. आत शिरल्याशिवाय फरक कळत नाही. ओथेर आत शिरला नाही, म्हणून त्याने दोन्ही शक्यता उघड्या ठेवल्या. आणि लिहिणाऱ्यानेही त्या तशाच ठेवल्या, हे त्याहून मोठं. 'जमीन पूर्वेला वळली' एवढं लिहून त्याला पान नीटनेटकं करता आलं असतं.

नदीपाशी आल्यावर पुढे जायची हिंमत झाली नाही, कारण पलीकडे दाट वस्ती होती आणि त्या लोकांशी तह नव्हता. मूळ शब्द 'उन्‌फ्रिथ', म्हणजे शांततेचा अभाव. हे लोक बेओर्मा. घरून निघाल्यापासून त्याला लागलेला पहिला नांदता मुलूख हाच. बेओर्मांनी त्याला आपल्या आणि आसपासच्या देशांच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. त्या गोष्टी पुस्तकात नाहीत. का नाहीत? 'त्यातलं खरं किती ते त्याला माहीत नव्हतं, कारण त्याने स्वतः ते पाहिलं नव्हतं.'

हे वाक्य वर्गात आलं की मी थांबते. त्या काळी उत्तरेविषयी लिहायचं तर अद्‌भुताचा मसाला हवाच. दोनशे वर्षांनी ब्रेमेनचा ॲडम, चांगला शिकलेला पाद्री, बाल्टिकच्या काठी कुत्र्याच्या तोंडाची माणसं आणि बायकांचं राज्य बिनदिक्कत मांडतो. ओथेरच्या हाती बेओर्मांच्या गोष्टींचं अख्खं गाठोडं होतं. ते त्याने राजासमोर सोडलं नाही, किंवा सोडलं असेल तर लेखनिकाने ते आत घेतलं नाही. पण फिन आणि बेओर्मा यांची भाषा जवळपास एकच आहे 'असं त्याला वाटलं', हे मात्र घेतलं. त्याने ती भाषा कानांनी ऐकली होती. फिनांशी रोजचा व्यवहार असल्याने त्याला तेवढा कानही होता.

मराठी वाचकाला ही शिस्त ओळखीची वाटावी. म्हाइंभटांनी लीळाचरित्र जमवताना चक्रधरांना पाहिलेल्या माणसांना गाठून आठवणी घेतल्या, आणि महानुभाव परंपरेत एकाच लीळेबद्दल अमक्याची वासना अशी, तमक्याची तशी, हे शेजारी शेजारी जपलं गेलं. कोण म्हणालं आणि कुणी पाहिलं, याला तिथे किंमत आहे. ओथेरच्या वृत्तांतात 'तो म्हणाला', 'त्याने सांगितलं' हे पालुपद पानोपानी येतं. विद्यार्थी कंटाळतात आणि भाषांतरात ते गाळतात. मी लाल शाईने परत घालते.

आता साठ देवमासे.

वाक्यांचा क्रम असा आहे. आधी ओथेर सांगतो की त्या बाजूला तो मुख्यतः वॉलरससाठी गेला, कारण त्यांच्या दातांत उत्तम हस्तिदंतासारखं हाड असतं (असे काही दात राजाला आणून दिले, असं मध्येच येतं) आणि त्यांच्या कातड्याचे जहाजाचे दोर फार चांगले होतात. जुन्या इंग्रजीत वॉलरस 'हॉर्सह्वॅल', म्हणजे घोडा-देवमासा. मग: हा देवमासा इतर देवमाशांपेक्षा बराच लहान, सात एलनपेक्षा लांब नसतो. मग: पण त्याच्या स्वतःच्या मुलखात देवमाशांची शिकार सर्वांत चांगली, ते अठ्ठेचाळीस एलन, मोठ्यात मोठे पन्नास. आणि लगेच: 'त्यांपैकी' साठ, तो म्हणाला, त्याने 'स्युक्सा सुम', म्हणजे सहांतला एक होऊन, दोन दिवसांत मारले.

एलनचं आधी मिटवू, कारण थाप आहे की नाही हे तिथूनच कळतं. पुढच्या काळात इंग्रज कापडवाल्यांचा एल ४५ इंचांचा झाला. तो धरला तर वॉलरस आठ मीटरचा आणि देवमासा पंचावन्न मीटरचा होतो, आणि पृथ्वीवर इतका मोठा प्राणी कधी झालेला नाही. पण शब्दाचा मूळ अर्थ कोपरापासूनचा हात. आपला हातच, १८ इंच. तो धरा: वॉलरस ३.२ मीटर, देवमासे २२-२३ मीटर. मोठा नर वॉलरस साधारण तेवढाच असतो आणि 'फिन व्हेल' जातीचा देवमासाही तेवढाच. मापात या माणसाने बोटभरही वाढवून सांगितलेलं नाही. मापात काटेकोर असलेला माणूस आकड्यात एकदम साठाची थाप मारेल? मारू शकेल, शिकारीच तो. पण मला आधी वाक्यावर संशय येतो.

माझं मत असं: 'त्यांपैकी' हे वॉलरसकडे बोट दाखवतं. मध्ये घुसलेलं देवमाशांच्या लांबीचं बोलणं म्हणजे कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर आहे. प्रसंग डोळ्यांपुढे आणा. राजासमोर दात ठेवलेत. ओथेर म्हणतो, हा घोडा-देवमासा. कुणीतरी विचारतं, 'देवमासा? मग केवढा असतो?' 'लहान. सात हात. खरे मोठे आमच्याकडे, पन्नास हातांपर्यंत.' आणि मग तो मूळ मुद्द्यावर येतो: 'तर हे आम्ही सहा जणांनी दोन दिवसांत साठ मारले.' लेखनिकाने प्रश्न गाळला, उत्तर ठेवलं, आणि 'त्यांपैकी' हा शब्द चुकीच्या शेजाराला जाऊन चिकटला. वॉलरस किनाऱ्यावर कळपाने पसरलेले असतात, जमिनीवर सुस्त असतात. सतराव्या शतकाच्या आरंभी बेअर आयलंडवर इंग्रज शिकाऱ्यांनी काही तासांत शेकडो वॉलरस मारले होते. सहा जणांना दोन दिवसांत साठ, हे कष्टाचं काम, चमत्कार नव्हे.

माझ्या मताविरुद्ध व्याकरण आहे हे कबूल करते. सर्वनाम जवळच्या नामाला धरतं आणि जवळचं नाम मोठे देवमासेच. काहींच्या मते 'सहा' म्हणजे सहा माणसं नव्हे, सहा जहाजं. काहींना लेखनिकाचा डोळा 'स्युक्सा' आणि 'स्युक्सतिग' (साठ) यांत घसरल्यासारखा वाटतो. कुणी म्हणतं, हे छोटे देवमासे खाडीत हाकून मारले असतील. पण मग अठ्ठेचाळीस हातांचं काय करायचं? मला प्रश्न-उत्तराचा मार्ग पटतो, कारण तो इतर ठिकाणीही लागू पडतो.

उदाहरणार्थ, पुढचाच भाग. ओथेर फार श्रीमंत होता, असं म्हटलंय, 'त्या लोकांची संपत्ती ज्यात असते त्यात', म्हणजे जंगली जनावरांत. राजाकडे आला तेव्हा त्याच्याकडे न विकलेले सहाशे पाळीव रेनडिअर होते. इंग्रजांना रेनडिअर माहीत नाही, म्हणून नॉर्स शब्दच 'ह्रान' असा जरा वळवून घेतलाय. त्यांतले सहा आमिषाचे, रानातले रेनडिअर धरायला वापरायचे, फिनांमध्ये त्यांना फार किंमत. आणि मग अचानक: गाई मात्र वीसपेक्षा जास्त नव्हत्या, वीस मेंढ्या, वीस डुकरं, आणि जी थोडीफार जमीन नांगरायचा ती घोड्यांनी. हे 'मात्र' ओथेरचं नव्हे. त्याला त्यात काही विशेष नव्हतं. ते वेसेक्सच्या माणसाचं आश्चर्य आहे, ज्याच्या लेखी श्रीमंती गोठ्यात मोजतात आणि नांगर बैलांनी ओढायचा असतो. आपल्याकडे कुणी म्हणावं, 'बागायतदार म्हणे, आणि दावणीला एक बैल नाही!'

ओथेरच्या लोकांच्या मिळकतीचा मोठा भाग म्हणजे फिनांकडून येणारा कर. ज्याचं घराणं सर्वांत वरचं त्याने द्यायचं ते असं: मार्टेनची (मुंगसासारखा, झुबकेदार शेपटीचा एक प्राणी) पंधरा कातडी, पाच रेनडिअर, एक अस्वलाचं कातडं, दहा 'अंबर' पिसं, अस्वलाच्या किंवा ऊदमांजराच्या कातड्याचा एक अंगरखा आणि जहाजाचे दोन दोर, प्रत्येकी साठ हात, एक देवमाशाच्या कातड्याचा, एक सीलच्या. विद्यार्थी असताना मी या 'अंबर'चं भाषांतर बेधडक 'अंबर' केलं होतं, अत्तरवाल्याकडचं. त्यातून अर्थ निघाला की फिन लोक पिसांना अंबर लावून देत. सरांनी वहीत फक्त एक पायलीचं चित्र काढलं. अंबर हे माप आहे, पायली-खंडीच्या जातीचं. दहा मापं पिसं, उशा-गाद्यांत भरायला. तेव्हापासून सुंदर अर्थ निघाला की मी कोश दुसऱ्यांदा उघडते.

या करामुळे ओथेर फक्त कुतूहलापोटी गेला का, हेही कळतं. तो दोन कारणं सांगतो: आधी जमीन किती लांब ते पाहायचं होतं, नंतर मुख्यतः वॉलरससाठी. क्रमाकडे दुर्लक्ष करू नका. राजापुढे जिज्ञासा शोभून दिसते, पण जहाजाचे दोर आणि दात विकूनच हिवाळा निघतो. दोन्ही खरं असायला हरकत नाही.

त्याचं घर नक्की कुठे हे ठरलेलं नाही. लोफोटेन बेटांवर बोर्ग इथे १९८० च्या दशकात एका सरदाराचं ८३ मीटर लांबीचं घर खणून काढलं तेव्हा पर्यटनाच्या पत्रकांत ओथेरचं नाव लगेच आलं. पुरावा नाही. पण त्या मुलखातला मोठा माणूस कसा राहत असेल, हे पाहायला ते घर उत्तम.

हा मजकूर हाताळणाऱ्यांची जातकुळीही मजेशीर. १७७३ मध्ये डेन्स बॅरिंग्टन या वकिलीतल्या माणसाने जुन्या इंग्रजी ओरोसियसची छापील आवृत्ती काढली. त्यात भूगोलाच्या टिपा योहान राइनहोल्ड फोर्स्टरच्या. आवृत्ती बाजारात आली तेव्हा फोर्स्टर स्वतः कॅप्टन कुकच्या जहाजावर दक्षिणेच्या बर्फात होता. आणि बेओर्मा कोण, यावर १९४० मध्ये पुस्तिका लिहिणारे ॲलन रॉस हेच पुढे १९५४ मध्ये बड्या घरचं इंग्रजी आणि इतरांचं इंग्रजी, 'यू' आणि 'नॉन-यू', यावरच्या निबंधामुळे इंग्लंडभर गाजले. तो निबंधही त्यांनी फिनलंडच्या भाषाशास्त्रीय नियतकालिकातच छापला होता. ओथेरने ओसाड जमिनीवर पाहिलेले टेरफिन म्हणजे कोलाच्या टेर किनाऱ्यावरचे सामी, हे रॉस यांचं म्हणणं मला पटतं. नदी द्विना की वार्झुगा, यावर मात्र मी पैज लावणार नाही.

आता सांगणारा आणि लिहिणारा वेगळे कसे काढायचे, याची दोन उदाहरणं देते, मग तुम्ही स्वतःच वाचा. ओथेर नंतर दक्षिणेचा रस्ता सांगतो: हालोगालँडहून शिरिंगेसहेआल या बंदरापर्यंत, रात्री मुक्काम करत रोज वारा चांगला मिळाला तरी महिन्यात पोचणं कठीण, तिथून पाच दिवसांत हेडेबी, डेन लोकांचं बंदर. वाटेत शेवटचे दोन दिवस उजव्या हाताला जटलँड आणि बरीच बेटं लागतात. आणि इथे वाक्य थबकतं: 'त्या मुलखांत अँगल लोक राहत होते, इथे या देशात येण्यापूर्वी.' 'इथे'. हे ओथेर बोलत नाही. अँगल म्हणजे इंग्रजांचे पूर्वज. दूरच्या माणसाच्या तोंडून गावांची यादी लिहून घेताना लेखनिकाला एकदम आपलं मूळ गाव ऐकू आलंय.

दुसरं उदाहरण ओथेरच्या लगोलग येणाऱ्या, वुल्फस्टान नावाच्या दुसऱ्या प्रवाशाच्या वृत्तांतातलं. तो हेडेबीहून पूर्वेला विस्तुला नदीच्या मुखाजवळच्या त्रुसोपर्यंत सात दिवस-रात्र गेला. इथेही सगळं 'तो म्हणाला' असंच सुरू होतं: उजवीकडे वेंड लोकांचा देश, डावीकडे डेन्मार्कची बेटं. आणि मग बॉर्नहोम बेट येतं: 'बॉर्नहोम *आमच्या* डावीकडे होतं'. जुन्या इंग्रजीत डावी बाजू 'बॅकबोर्ड', पाठीची बाजू, कारण सुकाणूचं वल्हं उजवीकडे असायचं आणि ते धरणाऱ्याची पाठ डावीकडे. 'वॅस उस ऑन बॅकबोर्ड.' हा 'उस' लिहिणारा माणूस त्या जहाजावर कधीच नव्हता. वुल्फस्टान बोलत राहिला, हात लिहीत राहिला, आणि एका शब्दापुरता 'तो'चा 'आम्ही' झाला. नंतर कुणी ते दुरुस्त केलं नाही.